वाळू आणि वसुली

पर्यटन व्यवसायात ज्याला ‘डेझर्ट रिसॉर्ट’ म्हणतात, त्याची कामचलाऊ व्याख्या अशी करता येईल की, वर्षाला २५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात वातानुकूलित निवास, हिरवळ आणि पोहण्याचा तलाव उभारून पाहुण्याचा त्या प्रदेशाशी येणारा संबंध सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास एवढ्यापुरता मर्यादित ठेवणारी व्यवस्था म्हणजे डेझर्ट रिसॉर्ट. या व्यवस्थेचा साधा प्रकार तंबूंच्या छावणीचा असून त्याला ‘कॅम्प’ म्हणतात. त्याच तंबूत लाकडी जमीन, पितळी नळ आणि पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या आल्या की भाड्यावर एक शून्य चढते आणि कॅम्पचा ‘लक्झरी कॅम्प’ होतो. जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या सम येथील वाळूच्या टेकड्यांभोवती पहिल्या प्रकाराची दाटी आहे, तर दुसऱ्याचे टोकाचे उदाहरण म्हणून दुबईजवळ १९९९ साली सुरू झालेल्या ‘अल महा’कडे बोट दाखवता येते, जिथे प्रत्येक निवासाला स्वतःचा पोहण्याचा तलाव आहे आणि भोवती २२५ चौरस किलोमीटरचे राखीव वाळवंट असून त्यात ऑरिक्स जातीची अरबी हरणे पाहुण्यांकडे दुर्लक्ष करीत हिंडत असतात. कच्छमधील धोरडो येथे रणोत्सवासाठी दर हिवाळ्यात वसणारी तंबूनगरी ही तिसरी जात. तिथे पायाखाली मीठ असते, वाळू नसते. परंतु ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील प्रवासी दोन्हींवर सारख्याच उत्साहाने उड्या मारून छायाचित्रे काढत असल्यामुळे अभ्यासाच्या सोयीसाठी ती येथे वाळवंटातच धरली आहे.

या प्रवाशाच्या बाबतीत दोन प्रश्नांची गल्लत होऊ देता कामा नये. एवढे पैसे परवडतात का, हा प्रश्न सहलीपूर्वी, बहुधा बोनस खात्यात जमा होतो त्या दिवशी, सुटलेला असतो. ते वसूल झाले का, हा मात्र सहलीनंतर अनेक वर्षे, विशेषतः लग्नकार्यातील पंगतीत, चर्चेला येत राहतो. मागच्या पिढीला त्याचे उत्तर सोपे होते, कारण केसरी पाटील यांनी १९८४ साली आपली सहल कंपनी काढली त्या सुमारापासून गटाने हिंडणे आणि गटाबरोबर आचारी हिंडणे या दोन गोष्टी मराठी मध्यमवर्गाने एकत्रच स्वीकारल्या, आणि जैसलमेरच्या किल्ल्याच्या सावलीत वरण-भात मिळाला की सहल वसूल झाली असे सर्वानुमते ठरत असे. आजची पिढी ही सुरक्षित वाट सोडून फोनवरून स्वतंत्रपणे, आणि आचाऱ्याविना, आलिशान रिसॉर्टचे आरक्षण करते. उत्तर अवघड झाले आहे ते त्यामुळे.

मुळात या प्रवाशाला वाळवंटात नेमके काय विकले जाते, हे पाहिले पाहिजे. रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ अशी एक संज्ञा आहे. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात उभ्या प्रवाशांची संख्या दर चौरस मीटरला १४ ते १६ वर जाते त्या अवस्थेला हे नाव असून, जगात इतरत्र त्या नावाची फारशी गरज पडलेली नाही. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेनुसार जैसलमेर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला १७ माणसे राहतात. याचा अर्थ असा की, सकाळी डोंबिवलीहून निघालेल्या जलद लोकलच्या दारात जेवढी माणसे एक चौरस मीटरवर उभी असतात, साधारण तेवढ्यांनाच जैसलमेरमध्ये एक चौरस किलोमीटर, म्हणजे पुरते दहा लाख चौरस मीटर, दिलेले आहेत. त्याच जनगणनेत, पालघर वेगळे होण्यापूर्वीचा ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर माणसे घेऊन देशात पहिला आला आणि एकट्या कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांहून अधिक भरली. ३८ हजार चौरस किलोमीटरच्या सबंध जैसलमेर जिल्ह्यात मात्र सात लाखही भरली नाहीत. एवढे आकडे मांडल्यावर रिसॉर्टच्या भाड्याचे कोडे उलगडते. पलंग, पाकळ्या आणि पितळी नळ हे वरचे सामान होय. प्रवासी जे खरोखर विकत घेतो तो रिकामेपणा असतो, आणि दहा लाख पट जागा मिळत असेल तर भाडे दहा-वीस पट असणे हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने स्वस्तच म्हणावे लागेल.

अडचण पुढे येते. ‘फोर्थ सीट’ म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने मिळवलेले आसन, ज्यात देहाचा एक तृतीयांश भाग बाकावर आणि उरलेला दैवावर ठेवलेला असतो, त्यावर वीस वर्षे बसलेल्या गृहस्थाला क्षितिजापर्यंत मोकळी जागा अचानक हातात दिली तर तिचे काय करायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. सम येथे हे शिक्षण टाळण्याची उत्तम सोय आहे. सूर्य मावळायला आला की जीपगाड्या, उंट, चहावाले, मॅगीवाले आणि शेकडो पर्यटक एकाच टेकडीच्या एकाच माथ्यावर गोळा होतात, शेजारच्या तशाच टेकड्या रिकाम्या पडलेल्या असतात, आणि तिकडे जायला कोणी तयार नसते, कारण जिथे गर्दी नाही तिथे पाहण्यासारखे काही नसणार, ही ठाणे स्थानकाच्या फलाटांवर पक्की झालेली श्रद्धा हजार किलोमीटरवरही डळमळत नाही. महागड्या रिसॉर्टमध्ये याच्या उलट प्रकार घडतो. तिथे दांपत्याला एक स्वतंत्र टेकडी, दोन खुर्च्या, पांढरे कापड घातलेले मेज आणि दूर अंतरावर अदबीने उभा राहिलेला एक सेवक दिला जातो. पहिली दहा मिनिटे छायाचित्रांत जातात. नंतरच्या दहा मिनिटांत, घरात दोन खोल्यांमध्ये चार माणसे आणि दूरदर्शन संच असल्यामुळे इतकी वर्षे न जाणवलेली एक गोष्ट लक्षात येते, ती अशी की बोलण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, आणि वाळवंटातील त्या अपूर्व शांततेत, ज्या शांततेसाठी सर्वाधिक पैसे मोजलेले असतात, डोंबिवलीला शेजारी फोन लावला जातो: “काय हो वहिनी, आज पाणी आलं का?”

पाण्याचा हा प्रश्न वरवर दिसतो तितका अप्रस्तुत नाही. ठाणे परिसरात वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर जैसलमेरला कसाबसा २०० च्या आसपास. ठाणे जिल्ह्यातच भातसा आणि बारवी ही धरणे आहेत, ठाणे शहर तर तलावांचे शहर म्हणून मिरवते. आणि तरीही शुक्रवारचे ‘शटडाऊन’, म्हणजे दुरुस्तीच्या निमित्ताने दिवसभर बंद राहणारा पाणीपुरवठा, हा या भागातील गृहस्थजीवनाचा स्थायी भाग आहे, आणि ज्या शहापूर तालुक्यातील धरणे मुंबईला पाणी पाजतात त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. थरच्या लोकांनी मात्र न पडणाऱ्या पावसाचा हिशेब शतकानुशतके चोख ठेवला. अंगणात जमिनीखाली बांधलेला पाण्याचा ‘टांका’, उतारावरून वाहून येणारे पाणी बांध घालून शेतातच मुरवण्याची पालीवाल ब्राह्मणांची ‘खडीन’ पद्धत आणि एके काळी जैसलमेर शहराची तहान भागवणारा गडीसर तलाव ही त्याची ठळक उदाहरणे होत. या काटकसरीच्या प्रदेशात एखाद्या रिसॉर्टच्या काठोकाठ भरलेल्या निळ्या तलावासमोर उभे राहिल्यावर कल्याणच्या प्रवाशाच्या मनात प्रथम सौंदर्याची भावना जागी होत नाही, तो सेवकाला विचारतो, “टँकर कितीला पडतो इथे?” हा प्रश्न सुसंस्कृत नसेल, पण त्या तलावाबद्दल विचारता येण्याजोगा तोच सर्वांत योग्य प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जाता जाता हेही नोंदवावे की, १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीत अभूतपूर्व पाऊस होऊन अल ऐन भागात एका दिवसात २५४ मिलिमीटरची नोंद झाली आणि दुबई विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी साचले, तेव्हा २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी पाहिलेल्या ठाणे-डोंबिवलीकरांनी ती चित्रफीत भयाने पाहिली नाही. त्यांनी ती जाणकाराच्या नजरेने पाहिली आणि दुबईकरांची गाडी कुठे उभी करायला हवी होती ते परस्परांना समजावून सांगितले.

आता वसुलीच्या गणिताकडे वळता येईल. हॉटेल व्यवसायातील ‘दिवस’ दुपारी दोनला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला संपतो, म्हणजे तो २१ तासांचा असतो; उरलेले तीन तास कुठे जातात, हे पंचांगकर्त्यांनाही सांगता येणार नाही. एका रात्रीचे भाडे ४२,००० रुपये धरले, आणि हा आकडा केवळ भागाकार सुटसुटीत व्हावा म्हणून धरला आहे, तर तासाला २,००० रुपये पडतात. ७,५०० रुपयांवरील खोलीला लागणारा १८ टक्के जीएसटी निराळा. या दराने आठ तासांची झोप १६,००० रुपयांना पडते, आणि झोप घरीही येत असल्यामुळे हा खर्च कोणत्याही हिशेबवहीत समर्थनीय ठरत नाही. परिणामी, विश्रांतीसाठी म्हणून घेतलेल्या निवासात विश्रांती ही सर्वांत महागडी चैन ठरून टाळली जाते. दोन वाजता प्रवेश असताना हे कुटुंब साडेबारालाच स्वागतकक्षात सामानासह बसलेले आढळते. तलावात उतरण्याची इच्छा कोणालाच नसली तरी सगळे आलटून पालटून उतरतात. सूर्योदयासाठी पाचला उठतात, आणि सकाळच्या न्याहारीला, जी भाड्यात धरलेली असते, साडेसातला दार उघडताच हजर होऊन साडेदहापर्यंत तीन पर्वांत आटोपतात, जेणेकरून दुपारचे जेवण, जे भाड्यात धरलेले नसते, त्याची गरज पडू नये. चौथ्या पर्वात कागदी रुमालात गुंडाळलेले दोन मफिन पिशवीत जातात. पिशवीत लसणाची चटणी, मेतकूट आणि चकल्या आधीपासून असल्यामुळे त्यांना जागा करून द्यावी लागते, आणि जागा करून देण्याचे कौशल्य उपजतच असते. खोलीतील शांपूच्या बाटल्या, दाढीचे साहित्य, स्नानाची टोपी आणि सुईदोऱ्याची चिमुकली पेटी यांचीही हीच वाट. ठाणे-डोंबिवलीत घरोघरी अशा पेट्यांचा साठा असून त्यांतील दोरा आजवर कोणी सुईत ओवल्याचा पुरावा मिळत नाही.

उंटाविषयी थोडक्यात. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे स्वार पुढे झुकतो, आणि बसताना आधी पुढचे पाय दुमडतो, त्यामुळे तो पुन्हा पुढेच झुकतो. मागे रेलण्याची संधी मिळते ती मधल्या एका क्षणी, आणि छायाचित्रकार नेमका तेव्हा लेन्स पुसत असतो. लोकलमधून उतरण्याची सवय असलेला माणूस हा प्रसंग इतरांपेक्षा बऱ्यापैकी निभावून नेतो.

रात्रीच्या कार्यक्रमाकडे मात्र अधिक लक्ष दिले पाहिजे, कारण साधा कॅम्प आणि महागडे रिसॉर्ट यांतला खरा फरक तिथे दिसतो. पश्चिम राजस्थानातील मांगणियार ही पिढीजात गायक-वादकांची मुसलमान जमात असून, परंपरेने राजपूत यजमानांच्या घरची लग्ने, जन्म आणि मृत्यू त्यांच्या गाण्यांनी नोंदले जात. कमायचा हे त्यांचे गजाने वाजवायचे वाद्य, आणि खडताल म्हणजे बोटांत धरून वाजवायच्या लाकडी पट्ट्या. कालबेलिया जमातीची गाणी आणि नृत्य यांना २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. साध्या कॅम्पात हा सगळा वारसा पाऊण तासात उरकला जातो, त्यानंतर ध्वनिक्षेपक सुरू होतो आणि ठाणे, सुरत आणि इंदूर येथील पाहुणे ‘झिंगाट’वर एकत्र नाचतात. नाचणाऱ्यांना अतिशय आनंद होतो, हे मान्यच केले पाहिजे. फक्त हा आनंद डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावरील कोणत्याही हळदीत विनामूल्य, आणि वर जेवणासह, मिळतो, त्यासाठी थरपर्यंत येण्याचे कारण दिसत नाही. महागड्या ठिकाणी एकटा म्हातारा कमायचा घेऊन शेकोटीपाशी बसतो आणि समोर आठ-दहाच माणसे असतात. तिथे ऐकायला मिळते ते खरोखर दुर्मीळ असते, परंतु श्रोता इतका जवळ असतो की त्याला जांभई देता येत नाही, आणि बिदागी किती द्यावी या विवंचनेत उत्तम आलाप निघून जातात.

ताऱ्यांची गोष्ट निराळी. कोरड्या, दिवे नसलेल्या प्रदेशातील आकाश पाहून, ज्याला वर्षानुवर्षे वर पाहिल्यावर शेजारच्या इमारतीचा सज्जा दिसत आला आहे, तो माणूस गप्प होतो, आणि ही गप्पगिरी मघाच्या टेकडीवरच्या गप्पगिरीपेक्षा वेगळी असते. केवळ तारेच हवे असतील तर हौशी आकाशनिरीक्षक ज्या वांगणीला पिढ्यान्‌पिढ्या जात आले, ती कर्जत मार्गावर लोकलच्या तिकिटात गाठता येते, हे खरे. तिथेही आता दिवे वाढले आहेत, हेही तितकेच खरे.

या सर्व निरीक्षणांवरून किफायतीचे मोजमाप करण्यासाठी येथे एक संज्ञा सुचवावीशी वाटते: ‘भाडेविस्मृती’. पाहुणा ज्या मिनिटांत आपण किती पैसे भरले हे विसरलेला असतो, ती मिनिटे म्हणजे भाडेविस्मृती. आणि एकूण भाड्याला या मिनिटांनी भागले म्हणजे निवासाची खरी किंमत निघते. या कसोटीवर निकाल बराचसा उलटापालटा लागतो. सर्वांत आलिशान रिसॉर्टमध्ये प्रत्येक वस्तू, अगदी चमच्याचे वजनसुद्धा, भाड्याची आठवण करून देण्यासाठीच घडवलेली असते, त्यामुळे विस्मृतीची मिनिटे अगदी थोडी भरतात. ती पहाटे, सेवक उठण्यापूर्वी, टेकडीमागे एकट्याने गेल्यावर सापडतात, जेव्हा रात्रीतून गार झालेली वाळू पायाखाली सरकत असते आणि वाऱ्याने काढलेल्या रेघांवर रात्रभर हिंडलेल्या भुंग्यांच्या पावलांचे माग दिसतात. गोंगाटाच्या कॅम्पात भाड्याचा विसर लवकर पडतो, पण आपण वाळवंटात आहोत याचाही विसर पडतो, म्हणून तो गुण धरता येत नाही. उत्तम निकाल बहुधा मधल्या जागी लागतो. समपासून दूर, खुहडीसारख्या गावाजवळ, जिथे मालक स्वतः बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी वाढतो, केर म्हणजे काटेरी झुडपाची बोराएवढी फळे आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या वाळवलेल्या शेंगा, आणि वाढून झाल्यावर आपल्या मुलाच्या नोकरीविषयी बोलत बसतो, तिथे वाळू तीच असते, तारे तेच असतात, आणि न्हाणीघरातील बादली पाहून डोंबिवलीकराला एवढा आपलेपणा वाटतो की भाडे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठवत नाही. ज्यांना मुलांच्या शाळेमुळे मेमध्येच जाता येते त्यांच्यासाठी मात्र कोणतीही कसोटी लागू नाही. पारा ४५ अंशांवर असताना निम्म्या दरात मिळालेले रिसॉर्ट म्हणजे निम्म्या दरात मिळालेली वातानुकूलित खोलीच असते, आणि तिच्या खिडकीतून वाळवंट पाहता येते एवढेच.

शेवटी प्रश्न उरतो खुद्द वाळूचा. ठाणे जिल्ह्यात ती एक दुर्मीळ आणि काहीशी चोरटी वस्तू आहे. उल्हास नदीच्या आणि खाडीच्या काठी रेतीबंदर नावाच्या जागा कल्याणलाही आहेत आणि मुंब्र्यालाही, आणि तिथून रात्रीच्या वेळी बेकायदा उपसल्या जाणाऱ्या रेतीवर छापे पडल्याच्या बातम्या स्थानिक वाचकाला हवामानाच्या अंदाजाइतक्याच परिचित आहेत. रेती ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापावर, विकली जाते आणि तिचा भाव सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठकीत सर्वांना ठाऊक असतो. वाळवंटातली वाळू मात्र वाऱ्याने घासून इतकी गुळगुळीत झालेली असते की सिमेंटमध्ये ती नीट धरत नाही, आणि म्हणून वाळूच्या समुद्रात उभी असलेली आखाती शहरे बांधकामासाठी वाळू बाहेरून आणवतात. डोंबिवलीत परतलेले दांपत्य रिसॉर्टचे भाडे सहकाऱ्यांना थोडे वाढवून आणि घरातील वडीलधाऱ्यांना पुष्कळ कमी करून सांगते, ही प्रथा सर्वत्र आढळते. कमी करून सांगितलेला आकडाही ऐकून सासूबाई छायाचित्रे शांतपणे पाहतात, चष्मा काढतात, आणि एका रात्रीच्या त्या पैशांत रेती किती ब्रास आली असती हे सासऱ्यांना विचारतात. आणि सासरे, जे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले असतात, ते सांगतात, वाहतुकीसह.